घोळ काय बोलतो?

ऑगस्ट २०२१ मधली ती बातमी आठवतेय? पालघरजवळच्या मुरब्यातल्या एका मच्छीमाराच्या जाळ्यात १५७ घोळ मासे आले आणि त्यांचे तब्बल १ कोटी ३३ लाख रुपये झाले. आमच्या डोंबिवलीत आठवडाभर हाच विषय! (पालघर २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं, त्यामुळे कौतुक जरा घरचंच.)

खरा भाव माशाला नव्हता, त्याच्या बोताला होता. बोत म्हणजे पोटातली हवेची पिशवी. ती वाळवून चीन-हाँगकाँगकडे जाते. गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा...) घोळ याच पिशवीने बोलतो. तिच्याभोवतीचे स्नायू भराभर आकसले की पिशवी ढोलासारखी घुमते. या कुळातले मासे विणीच्या दिवसांत थव्याने घुमतात. मेक्सिकोतल्या कॉर्व्हिना या त्यांच्या भाऊबंदांचा गलका डॉल्फिनच्या कानांना इजा करू शकेल इतका मोठा असतो, असं २०१७ मध्ये दोन संशोधकांनी मांडलं.

म्हणजे घोळ कुठे आणि कधी वीण घालतो हे कळायला त्याला मारायची गरज नाही. पाण्याखाली हायड्रोफोन सोडायचा आणि ऐकायचं. गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ग्रँड आयलंडजवळ माशांचे असे आवाज टिपले आहेत. माझं म्हणणं एवढंच, की डहाणू-पालघरच्या समुद्रातही हे व्हावं आणि लवकर व्हावं. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. भराव, गाळ काढणं, पुढे मोठमोठी जहाजं... हा सगळा गोंगाट वाढला की आधी तिथे कोण बोलत होतं हे कसं कळणार? ७६ हजार कोटींच्या प्रकल्पात दहा-बारा हायड्रोफोन म्हणजे दर्यामें खसखस.

आता तुम्ही म्हणाल, आवाजावरून जागा कळली की आधी जाळी पोहोचतील. खरंय! चीनमध्ये घोळाच्याच कुळातल्या पिवळ्या क्रोकरचं तेच झालं. कोळी होडीच्या तळाला कान लावून थवे शोधायचे. १९५० च्या दशकात लाकडं बडवून थवेच्या थवे बधिर करून पकडायची पद्धत बोकाळली आणि काही दशकांत समुद्रातला तो मासा जवळपास संपला.

म्हणून जागांचे नकाशे इंटरनेटवर टाकू नयेत. मुरबे, सातपाटीच्या मच्छीमारांना बरोबर घेऊन, विणीचे तेवढे दिवस तेवढा पट्टा बंद ठेवावा. एका दिवसात कोटी मिळवून देणारा मासा पुढच्या वर्षीही हवा असेल, तर हा सौदा त्यांनाही महाग पडू नये.