घाटाखाली जाणारे पाणी आणि खोऱ्यांचे 'सहकार्य'

'नदीखोऱ्यांमधील सहकार्य' हा शब्दप्रयोग अलीकडे मंत्रालयातील टिपणांपासून साखर कारखान्यांच्या वार्षिक सभांपर्यंत सर्वत्र ऐकू येतो. शब्द गोंडस आहे. त्याच्या आड काय चालले आहे ते मात्र तपासून पाहावयास हवे. पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी सह्याद्री ओलांडून गोदावरीच्या खोऱ्यात आणावयाचे, कृष्णेच्या पुराचे पाणी भीमेत वळवावयाचे, आणि त्यासाठी बोगदे खोदावयाचे व पंपगृहे उभारावयाची, एवढाच त्याचा सरकारी अर्थ आहे. हे सहकार्य खोऱ्याखोऱ्यांतील माणसांचे नसून अभियंते व कंत्राटदार यांच्यामधील आहे.

कोकणातून पाणी वर चढविण्याच्या गोष्टी करणाऱ्यांना एक साधा प्रश्न विचारला पाहिजे : वरचे जे पाणी शंभर वर्षे खाली जात आहे, त्याचे काय? इंद्रायणी, आंद्रा, मुळा या भीमेच्या उपनद्या. निसर्गक्रमाने त्यांचे पाणी पूर्वेकडे उजनीला, सोलापूरला जावयाचे. टाटा कंपनीने १९१५ ते १९२७ या काळात खोपोली, भिवपुरी व भिरा येथे वीजगृहे उभारून ते पश्चिमेकडे घाटाखाली वळविले. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. मुळशी पेट्यातील मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये सुरू झालेला सत्याग्रह आपण अभिमानाने सांगतो. पण त्या लढ्यातील जमिनीचा प्रश्न आपण स्मरणात ठेवला आणि पाण्याचा विसरलो.

हे पाणी किती? बच्छावत लवादाने १९७६ च्या निवाड्यात टाटांचा ४२.६ टीएमसी वापर संरक्षित मानला. खडकवासला साखळीतील चारही धरणांची एकत्रित साठवण २९ टीएमसीच्या आसपास आहे. म्हणजे पुणे शहर आणि दौंड-इंदापूरची शेती ज्या साठ्यावरून भांडतात, त्याच्या जवळजवळ दीडपट पाण्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. कोयनेतून वाशिष्ठीत जाणारे ६७.५ टीएमसी पाणी वेगळेच. चिपळूणच्या बाजूने ते समुद्राला मिळते, आणि उन्हाळ्यात त्याच कोकणातील वाड्यांवर बायका हंडे घेऊन वणवण करतात.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही करता येईल असा हा हिशेब आहे. एक घनमीटर पाणी पाचशे मीटर खाली सोडले, तर जेमतेम सव्वा युनिट वीज मिळते. तेवढेच पाणी तेवढेच वर चढवावयास दीड युनिटाहून अधिक वीज लागते. एका घाटातून पाणी खाली सोडून वीज विकावयाची, दुसऱ्या घाटातून वीज जाळून पाणी वर आणावयाचे, आणि विजेचे बिल उपसा योजनेच्या शेतकऱ्याच्या माथी मारावयाचे, याला नियोजन म्हणतात! वीज कोळशापासून होते, उन्हापासून होते, वाऱ्यापासून होते. पाण्याला पर्याय नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. उल्हास नदी उन्हाळ्यात वाहते ती भिवपुरीच्या वीजगृहातून येणाऱ्या पाण्यावर. बदलापूर-कल्याणकडील कामगार वस्त्या त्याच पाण्यावर जगतात. पाताळगंगा व कुंडलिका यांच्या काठी कारखाने आहेत. तेव्हा उद्या बोगद्याचे दार बंद करा, असे कोणी समाजवादी म्हणणार नाही. पण खऱ्या अर्थाने खोऱ्याखोऱ्यांचे सहकार्य जर कोठे हवे असेल तर ते येथे हवे. खालच्या वस्त्यांच्या पिण्यासाठी किती पाणी राखावयाचे, निव्वळ विजेसाठी जाणारे किती व किती वर्षांत कमी करावयाचे, हे भीमा व उल्हास या दोन्ही खोऱ्यांतील लोकांनी एकत्र बसून ठरविण्याचा विषय आहे; कंपनीच्या संचालक मंडळाचा नव्हे.

पुण्यानेही साळसूदपणाचा आव आणू नये. एक दिवस पाणीकपात झाली की मोर्चे निघतात. आपले सांडपाणी कोठे जाते याची विचारपूस कोणी करीत नाही. मुंढव्याच्या जॅकवेलमधून साडेसहा टीएमसी शुद्ध केलेले पाणी शेतीला परत देऊ, या बोलीवर शहराने धरणातील पाणी वाढवून घेतले. पुढे २०२१ मध्ये, पुणे-पिंपरीचे सांडपाणी उजनीत येते तेव्हा त्या बदल्यात ५ टीएमसी पाणी इंदापूरला उचलावे, असा आदेश निघाला. एकच सांडपाणी, आणि आश्वासने दोन! सोलापूर जिल्हा पेटून उठला तेव्हा सरकारला तो आदेश मागे घ्यावा लागला. सोलापूरचे शेतकरी आडमुठे नव्हते. वरच्यांच्या हिशेबावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि तो असावा असे वरच्यांनी काही केलेलेही नाही.

कायद्याची वाण आहे असेही नाही. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्याने पाटबंधारे महामंडळांना नदीखोरे अभिकरणांचा दर्जा दिला आणि मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य जल परिषद नेमली. त्या परिषदेची पहिली बैठक व्हावयास २०१५ साल उजाडावे लागले. महामंडळे कृष्णेची, तापीची, गोदावरीची म्हणून नावाने खोऱ्यांची. कामाने मात्र ती निविदा काढणारी कार्यालयेच राहिली. दरवर्षी पाण्याचे खरे वाटप होते ते कालवा समितीच्या बैठकीत. तेथे पालकमंत्री असतात, आमदार असतात, अधिकारी असतात. शेतमजुराला खुर्ची नसते.

ती मिळू शकते हे याच जिल्ह्यात सिद्ध झालेले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावला पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी दिले, भूमिहीनालाही हक्क दिला आणि ऊस वर्ज्य केला. गावाच्या पातळीवर जे तत्त्व चालले, ते खोऱ्याच्या पातळीवर चालणार नाही असे म्हणणाऱ्यांचा खरा विरोध आकाराला नसून ऊस वर्ज्य करण्याला आहे.

कार्यकर्त्यांनी खडकवासला कालवा समितीच्या पुढील बैठकीच्या दिवशी पुण्याच्या सिंचन भवनासमोर जमावे. इंदापूर, माढा, मोहोळचे साथी यावेत, आणि कर्जत-बदलापूरचेही यावेत. मागणीपत्रातील पहिली मागणी ही असावी : टाटांच्या धरणांतून दरमहा घाटाखाली किती पाणी सोडले जाते, तो आकडा खडकवासला व उजनीच्या आकड्यांशेजारी सरकारने प्रसिद्ध करावा.