लोणारच्या पाण्यात राहिलेला प्रश्न

जून 2020 मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण सांगितलं: हॅलोआर्किया, म्हणजे खारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव. उत्तर मिळालं आणि चर्चा थांबली. ती थांबायला नको होती.

याच कुळातला एक सूक्ष्मजीव स्पेनमधल्या सांता पोलाच्या मिठागरांत राहतो. फ्रान्सिस्को मोहिका यांना 1993 मध्ये त्याच्या डीएनएत तीसेक अक्षरांचा एकच मजकूर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा दिसला. मधल्या जागेत मात्र दर वेळी वेगळा तुकडा. हे तुकडे विषाणूंचे आहेत, हे उमगायला त्यांना दहा वर्षं लागली. मोठ्या नियतकालिकांनी नाकारलेला तो निबंध 2005 मध्ये छापून आला.

दह्याच्या विरजणातल्या स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस या जिवाणूवर डॅनिस्को कंपनीच्या संशोधकांनी 2007 मध्ये हे तुकडे जिवाणूला विषाणूपासून वाचवतात याचा पुरावा दिला. विषाणूच्या हल्ल्यातून वाचलेल्या जिवाणूंनी त्याच विषाणूचे तुकडे आपल्या डीएनएत घेतले होते. तुकडा काढला की प्रतिकारही गेला.

कॅस-1 आणि कॅस-2 ही प्रथिनं विषाणूचा तुकडा अशा तुकड्यांच्या रांगेच्या एका टोकाला बसवतात. नवी नोंद जवळजवळ नेहमी त्याच टोकाला, त्यामुळे रांग तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीसारखी क्रमवार राहते. या नोंदींवरून आरएनए तयार होतो. तोच विषाणू पुन्हा आला की हा आरएनए कॅस-9 या प्रथिनाला नेमकी जागा दाखवतो आणि कॅस-9 विषाणूचा डीएनए कापतं. विषाणूत त्या जागेशेजारी मोजक्या अक्षरांची एक खूण असते. जिवाणूच्या स्वतःच्या नोंदीशेजारी ती नसते, म्हणून स्वतःवर घाव पडत नाही. आपल्याला लसीने मिळालेली प्रतिकारशक्ती मुलांकडे डीएनएतून जात नाही. जिवाणूची ही कमाई थेट पुढच्या पिढीत उतरते.

याच कॅस-9 चं 2012 मध्ये जनुकं कापण्याचं साधन झालं, 2020 मध्ये त्याला नोबेल मिळालं आणि 2023 मध्ये ब्रिटनने त्यावर आधारलेल्या सिकलसेलच्या उपचाराला मान्यता दिली. नंदुरबार-गडचिरोलीतल्या सिकलसेलग्रस्त घरांसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! तिचा एक उगम मिठागरातल्या अशा संशोधनात आहे, ज्याचा उपयोग तेव्हा कुणालाच सांगता आला नसता.

म्हणून संभाजीनगरातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापकांना विनंती: प्रकल्पाच्या अर्जात ‘उपयोग काय’ हा रकाना कोरा राहिला तरी विद्यार्थ्याला अडवू नका. लोणार अभयारण्य आहे, वनविभागाची परवानगी लागेल. ती मिळवून द्या, आणि तिथल्या सूक्ष्मजीवांनी कोणत्या विषाणूंच्या नोंदी ठेवल्या आहेत, ते त्याला वाचू द्या.