पुस्तकाची कड

जुन्या पुस्तकांच्या दुकानात मी पुस्तक आधी उघडत नाही. मिटलेलंच हातात धरतो आणि पानांची कड बघतो. वापरलेल्या पानांची कड बोटांच्या घामाने करडी पडलेली असते, बाकीची कोरी पांढरी. अभ्यास कुठवर झाला ते बाहेरूनच कळतं. गेल्या शनिवारी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात, दुकानाच्या पायरीवर बसून, मी अशी वीसेक पुस्तकं पाहिली. सीईटीचे प्रश्नसंच, नीटची मॉड्यूल्स, जेईईचे ठोकळे. दोन-तीन सोडली तर करडी पट्टी बोटभर रुंदसुद्धा नव्हती. केमिस्ट्रीच्या एका ठोकळ्यात पहिल्या धड्यात ओळीन्‌ओळ हिरव्या हायलायटरने रंगवलेली, दुसऱ्यात तुरळक, तिसऱ्यात पेन्सिलीचं एकच प्रश्नचिन्ह, आणि पुढची पाचेकशे पानं छापखान्यातून आली तशी.

“सर, ही सगळी जूनला घेतलेली आणि दिवाळीला वारलेली,” दुकानदार म्हणाला. त्याला काय, तो तीच पुस्तकं पुढच्या जूनला पुन्हा विकणार.

तेवढ्यात एक बाई मुलाला घेऊन आल्या. मोबाइलवर कुणीतरी पाठवलेली चौदा पुस्तकांची यादी. मी मास्तर आहे हे दुकानदाराने परस्पर सांगून टाकल्यावर त्यांनी विचारलं, “यातलं आधी कुठलं घेऊ हो, सर?” मी मुलाला विचारलं, परीक्षा कोणती देणार? तो म्हणाला, “तिन्ही.”

घोळ इथेच आहे. तिन्ही परीक्षा फिजिक्स-केमिस्ट्रीच्या असल्या तरी त्यांचे पेपर एकाच पुस्तकातून निघत नाहीत. नीट आणि जेईई मेन यांचा पाया एनसीईआरटी. आपल्या एमएचटी-सीईटीचा पाया बालभारतीची पुस्तकं: बारावीवर ८० टक्के, अकरावीच्या ठरावीक धड्यांवर २० टक्के. आता बालभारतीचं बारावीचं केमिस्ट्री उघडा. पहिलाच धडा सॉलिड स्टेट. हाच धडा नीटच्या अभ्यासक्रमातून २०२४ पासून गेला. शेवटचा धडा ग्रीन केमिस्ट्री आणि नॅनोकेमिस्ट्री, तो नीटच्या मॉड्यूलमध्ये तुम्हाला शोधून सापडणार नाही. गणितात बालभारतीचा पहिला धडा मॅथेमॅटिकल लॉजिक, पुढे लिनियर प्रोग्रॅमिंग. जेईई मेनमध्ये आज दोन्ही नाहीत. सीईटीत मात्र गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण आहेत आणि हे धडे त्यातल्या त्यात सोपे. वर्षभर जेईईचा ठोकळा फोडणारी हुशार पोरं हे गुण सोडून येतात आणि वर सांगतात, “सर, सीईटी तर सोपी असते.”

वेळेचं गणितही वेगळं. सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. उत्तर चुकलं तर गुण कापत नाहीत. नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न, बरोबर उत्तराला चार आणि चुकीच्याला उणे एक. एकीकडे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, दुसरीकडे कुठला सोडायचा हे कळलं पाहिजे. एकाच प्रश्नसंचाने या दोन्ही सवयी लागत नाहीत.

हे मी शहाणपणाने सांगतोय असं वाटू नये, म्हणून माझं पाप कबूल करतो. भाचा अकरावीत गेला तेव्हा मी त्याला मोठ्या हौसेने इरोडोव्हचं फिजिक्सच्या गणितांचं रशियन पुस्तक दिलं. आमच्या काळी ते कपाटात असणं हीच पदवी होती. भाच्याला द्यायची होती सीईटी. त्याने तीन आठवडे त्या पुस्तकाशी झुंज घेतली, सतरा गणितं सुटली, आणि आपल्याला फिजिक्स येत नाही असं त्याच्या मनाने घेतलं. ते मनातून काढायला पुढचे सहा महिने गेले. इरोडोव्ह वाईट नाही. एच. सी. वर्मांचे दोन खंड तर मी आजही उशाशी ठेवतो. फिजिक्स आवडायला लागावं म्हणून त्याहून चांगलं पुस्तक मला माहीत नाही. पण त्यातल्या चांगल्या प्रश्नाला दहा मिनिटं द्यावी लागतात आणि ती दिली तरच मजा येते. ५४ सेकंदांच्या परीक्षेच्या आदल्या महिन्यात ते काढून बसणं म्हणजे लगीनघाईत वाटणाला पाटा-वरवंटा काढण्यातला प्रकार.

जुनं पुस्तक घ्यायला माझी हरकत नाही, उलट घ्याच. पण आवृत्तीचं साल बघा. २०२४ च्या नीटमध्ये अणूबद्दल दोन विधानांचा एक प्रश्न होता. त्यातलं दुसरं विधान होतं, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत तसंच छापलेलं होतं. नव्या आवृत्तीत ‘प्रत्येक’च्या जागी ‘बहुतेक’ आलं होतं, आणि शास्त्राच्या दृष्टीने तेच बरोबर. परीक्षा घेणाऱ्या एनटीएने आधी दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांकडून अभिप्राय मागवला आणि एकच उत्तर ग्राह्य ठरलं. जुन्या पुस्तकावर विसंबलेल्यांचे चार गुण गेलेच, वर एक कापला गेला. पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते, सुधारित अंतिम यादीत १७ उरले. या घसरणीत ४४ जण या एका प्रश्नामुळे खाली आले. थोरल्या भावाचं पुस्तक धाकट्याला देताना हे लक्षात असू द्या. किमान नवी पीडीएफ शेजारी ठेवून ताडून पाहा. एनसीईआरटी आणि बालभारती, दोघांचीही पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट आहेत.

फुकट आहेत म्हणूनच बहुधा त्यांना मान नाही. मूळ पुस्तक ‘नुसतं टेक्स्टबुक’ ठरतं आणि त्याच पुस्तकातली वाक्यं चौकटीत टाकून, वर ‘रँक’ किंवा ‘सक्सेस’ छापलं की त्याला हजार रुपये मोजले जातात. पालकांचंही मी समजू शकतो. मुलाचा अभ्यास आपल्याला करता येत नाही, पुस्तक आणून देता येतं. कपाट भरलं की रात्री झोप लागते. आता तर कपाटही लागत नाही. टेलिग्रामवरून उतरवलेल्या चाळीस जीबी पीडीएफ मुलांच्या मोबाइलमध्ये आहेत, आणि त्यांना तर करडी पडायला कडही नाही.

मग मूळ पुस्तकानंतर काय? जुन्या प्रश्नपत्रिका. वर्षवार, धडावार नव्हे. धड्याच्या शेवटी आलेला प्रश्न कुठल्या धड्यातला आहे हे आधीच फोडलेलं असतं, परीक्षेत तेच ओळखायचं असतं. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ मधला एक प्रयोग मला या बाबतीत नेहमी आठवतो. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. इतरांनी एकदा वाचून पुस्तक मिटलं आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तेव्हा लिहिणारे. वाचणाऱ्यांना सुरुवातीला आपल्या तयारीची खात्रीही जास्त होती. हायलायटरने रंगवलेल्या त्या पहिल्या धड्याचं रहस्य मला तिथे कळलं.

तिसरी गोष्ट कुठल्याच यादीत नसते. दोनशे पानी वही. सोडवलेल्या प्रश्नपत्रिकेतलं जे चुकलं ते त्यात उतरवायचं, आणि शेजारी का चुकलं ते खरं लिहायचं. ‘सिली मिस्टेक’ हे कारण चालणार नाही. एकक बदललं नाही, ‘नाही’ हा शब्द वाचला नाही, सूत्रच माहीत नव्हतं, असं लिहायचं. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वहीत दीड महिन्यात ‘सेंटीमीटरचं मीटर केलं नाही’ हे अकरा वेळा आलं होतं. तिला नव्या पुस्तकाची गरज नव्हती.

चाचणी मालिका घ्यायची तर एक घ्या, जिथे प्रत्येक उत्तराचं स्पष्टीकरण मिळतं अशी. क्लासचं मॉड्यूल हाताशी असेल तर बाजारातलं तसलंच दुसरं नको. हे सांगायला परिच्छेद खर्च करायची खरं तर गरज नाही.

त्या दिवशी बोळात आम्ही यादीतल्या चौदांपैकी बारा नावांवर काट मारली. मुलगा इंजिनीअरिंगला जाणार, जेईई फक्त ‘अनुभवासाठी’, आणि नीट शेजारची मुलगी देते म्हणून, असं पाच मिनिटांत निघालं. बालभारतीचा संच घरी होताच. सीईटीच्या जुन्या प्रश्नांचा एक संच घेतला, गणिताचं एक सरावाचं पुस्तक आणि समोरच्या दुकानातून वही. आई थोड्या नाराज दिसल्या. एवढ्याशा पिशवीसाठी हडपसरहून यायचं होतं का, असं त्या मुलाला हळूच म्हणाल्या. दुकानदार माझ्याकडे जे बघत होता ते मी बघितलं नाही असं दाखवलं.

पुस्तकांची यादी पाठवा, अशी पत्रं या सदराकडे दर जूनमध्ये येतात. यंदाची यादी वर दिली आहे. आणखी एखादं पुस्तक सुचवा म्हणून लिहिणार असाल, तर सोबत आधीच्या पुस्तकाच्या कडेचा फोटो पाठवा.