गोटे तेथेही आहेत

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटन नावाचे शहर आहे. आमची कन्या तेथे वैद्यकीय सेवेत असल्यामुळे काही दिवस राहण्याचा योग आला. समुद्रकिनारा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वाळू येते. तेथे वाळू जवळजवळ नाहीच. दूरवर नुसते गोलसर गोटे पसरलेले. पांढुर्ण्याच्या माणसाला गोटे दिसले की दुसरे काय आठवणार? पण त्या गोट्यांवर माणसे निवांत बसली होती.

पाहण्याजोगे पुष्कळ आहे. १८९९ साली खुला झालेला, समुद्रात दूरवर शिरलेला धक्का आहे. किनाऱ्यालगत १८८३ पासूनची विजेची चिमुकली रेल्वे आहे. राजवाड्यात १९१४ ते १९१६ या काळात जखमी हिंदी सैनिकांचे रुग्णालय होते आणि धर्म-आचारांनुसार त्यांचा स्वयंपाक वेगवेगळा होत असे, हे वाचून मन भरून आले. जुन्या अरुंद गल्ल्यांत कॉफीगृहे आहेत. एक पेला समोर ठेवून वृद्ध मंडळी तासभर बसतात. त्यांना कोणी उठवीत नाही.

परंतु डॉक्टर म्हणून मला अधिक भावली ती या शहराच्या भरभराटीची कथा. १७५० साली डॉ. रिचर्ड रसेल यांनी ग्रंथिविकारांवर समुद्रजलाचा उपचार सांगणारा लॅटिन प्रबंध प्रसिद्ध केला. पुढे ते ब्रायटनलाच राहू लागले आणि रुग्ण त्यांच्यामागे आले. मासेमारीवर जगणाऱ्या त्या गावाला पुढे राजपुत्राचा आश्रय लाभला, १८४१ साली लंडनहून रेल्वे आली आणि आरोग्यासाठी किनाऱ्यावर जाण्याची प्रथाच रूढ झाली. समुद्राचे पाणी पिण्याचा रसेल यांचा सल्ला आज आपण कोणीही देणार नाही. औषध चुकीचे होते. पण मोकळी हवा, चालणे आणि माणसांची सोबत हे पथ्य बरोबर होते. डॉक्टरांच्या शब्दाने लोक पाण्याकाठी आले, एवढे मात्र खरे.

आता आपल्या जाम नदीकडे पाहू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये पळसाचे झाड रोवले जाते आणि गोटमार सुरू होते. परंपरेचा, चंडीमातेवरील श्रद्धेचा विषय नाजूक आहे, याची मला जाणीव आहे. प्रशासनाने दगडांऐवजी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी ते स्वीकारले नाहीत. त्या दिवशी फुटलेल्या डोक्यांना टाके घालणारे हात आपलेच असतात. माझा प्रश्न उरलेल्या ३६४ दिवसांचा आहे. त्या दिवसांत नदीकाठी कोण जाते?

मधुमेहाच्या रुग्णांना ‘रोज पाऊण तास चाला’ असे आपण नित्य सांगतो. एका आजींनी मला विचारले, “सडकेवर ट्रका, घरात भिंती. चालू कुठी, डॉक्टरसाहेब?” मला उत्तर देता आले नाही. सौंसरकडे जामसावळीच्या हनुमंताच्या दर्शनाला आपण गाडीने जातो, मोहगावला गाडीने जातो आणि गाडीनेच परततो. जाणे होते, बसणे होत नाही.

कोणी म्हणेल, उन्हाळ्यात जाम आटते, काठी केरकचरा असतो, ब्रायटनचा समुद्र आणायचा कोठून? समुद्र नकोच. फर्लांगभर स्वच्छ पाऊलवाट, कडुनिंबाची सावली, चार बाक आणि चहा-पोह्यांची एक टपरी पुरे. हंगामात आपल्याच बागांतील संत्र्यांचा रस असावा. पांढुर्णा २०२३ साली जिल्हा झाला, सौंसर त्याच जिल्ह्यात आले; नव्या जिल्ह्याच्या आराखड्यात नदीकाठाची मागणी डॉक्टरांनी करावी, यात गैर काय? दगड फेकण्यासाठीच जेथे जायचे, त्या जागेविषयी मुलांना माया कशी वाटेल? ज्या काठावर आजोबांचे बोट धरून सायंकाळ घालविली, तेथे गोटा उचलताना हात कदाचित अडखळेल. ही माझी आशा आहे, सिद्धान्त नव्हे.

आराखडे होतील तेव्हा होवोत. तोवर आपल्या मंडळाच्या सदस्यांनी दर रविवारी सायंकाळी तासभर काठावर फिरावे आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र सोबत न्यावे, अशी माझी सूचना आहे. रुग्ण आपोआप येतील. येत्या रविवारी पाच वाजता मी तेथे असेन. चहा माझ्याकडून.