पॅनेल मोठे की सौरघट चांगला?

अंतराळयानाचा धडा शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास येतो. ‘‘सर, वीज कमी पडली तर पॅनेल मोठे करावे. नवा पदार्थ शोधण्याची खटपट कशाला?’’ प्रश्न चांगला आहे, पण मला हे पटत नाही.

घराच्या छपरावर जागा असेल तर पॅनेल वाढवता येते. यानाचे पॅनेल मात्र घडी करून रॉकेटच्या टोकात बसवावे लागते. तेथे जागा थोडी आणि वजनाचीही मर्यादा. म्हणून तेवढ्याच जागेत अधिक वीज देणारा पदार्थच शोधला पाहिजे.

अमेरिकेने १७ मार्च १९५८ रोजी ‘व्हॅनगार्ड-१’ हा चिमुकला उपग्रह सोडला. त्याचे बॅटरीवरचे यंत्र त्याच वर्षी जूनमध्ये बंद पडले. सौरघटांवर चालणारे यंत्र मात्र १९६४ पर्यंत संदेश पाठवत राहिले. ते घट सिलिकॉनचे होते. प्रकाशाच्या १०० भागांपैकी सुमारे १० भागांचीच वीज होई.

आता घटात तीन थर असतात. धान्य चाळताना एकाखाली एक चाळण्या ठेवाव्यात, तसे हे थर काम करतात. वरचा थर निळा प्रकाश टिपतो, गॅलियम आर्सेनाइडचा मधला थर तांबडा टिपतो आणि खालचा जर्मेनियमचा थर डोळ्यांना न दिसणारे किरण टिपतो. त्यामुळे १०० पैकी सुमारे ३० भागांची वीज होते. अंतराळातील किरणांचा माराही हे घट सिलिकॉनपेक्षा चांगला सोसतात. मला हा गुण अधिक मोलाचा वाटतो, कारण बिघडलेले पॅनेल बदलायला तेथे कोण जाणार?

हे घट फार महाग असतात, हे खरे. आपल्या छपरांसाठी सिलिकॉनच बरे.

‘जूनो’ यान ऑगस्ट २०११ मध्ये निघाले आणि जुलै २०१६ मध्ये गुरू ग्रहाजवळ पोहोचले. तेथे सूर्यप्रकाश पृथ्वीच्या सुमारे पंचविसाव्या हिश्श्याएवढाच असतो. पूर्वीच्या ‘गॅलिलिओ’ यानाला त्यासाठी प्लुटोनियमच्या उष्णतेपासून वीज घ्यावी लागली होती. जूनोने सौरघटांवर भागवले. त्याची तिन्ही पॅनेले मोठीच आहेत, हे मी मान्य करतो. पण जुने घट असते तर ती किती वाढवावी लागली असती! एवढे करूनही गुरूपाशी वीज मिळाली सुमारे ५०० वॅट. एवढ्यात घरची इस्त्रीही नीट तापत नाही. त्यातलीही बरीच वीज यंत्रे उबदार ठेवण्यात खर्च होते. उरलेल्या विजेवर जूनोने गुरूच्या वादळांची छायाचित्रे पृथ्वीवर पाठवली.