काट्यांच्या बाजूने दोन शब्द

ज्याच्या हातात कात्री आली त्याला जगात सगळं वाढलेलंच दिसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. या रोगाला कचेरीत काटकसर म्हणतात, घरात शिस्त म्हणतात आणि आमच्या हौसिंग सोसायटीत सुशोभीकरण म्हणतात. सध्या या सुशोभीकरणाच्या तावडीत आमचं करवंदीचं कुंपण सापडलं आहे. येत्या सर्वसाधारण सभेत ते उपटून त्याजागी दुरांटा लावण्याचा ठराव येणार आहे. मी बँकेतला कारकून. शेतकीचं शिक्षण नाही, पण बी.कॉम.ला जमा आणि नावे या दोन बाजू मात्र पक्क्या करून घेतल्या होत्या. तेव्हा करवंदीचा ताळेबंद मांडतो. सह्या मागाहून करा.

ठरावातला पहिला आरोप : करवंदीला काटे असतात. आता कुंपणाला काटे नसावेत तर काय असावं, गादी? उद्या हे लोक बँकेत येऊन कॅशियरच्या पिंजऱ्याला जाळी का, म्हणून विचारतील! बरं, यांना बोचण्याचं वावडं असतं तर गोष्ट वेगळी. पण पुढच्या भिंतीवर फुटक्या बाटल्यांच्या काचा बसवणारी मंडळी हीच. काचेला काही वैशाखात फळ धरत नाही.

शिवाय काटेरी कुंपणाची परंपरा साधीसुधी नाही. एकोणिसाव्या शतकात मिठावरचा कर बुडू नये म्हणून इंग्रजांनी हिंदुस्थानच्या अंगावर शेकडो मैलांची जकातीची रेषा आखली आणि तिच्या बऱ्याच भागात जिवंत कुंपण वाढवलं. त्यात बाभूळ, बोर, निवडुंग यांच्या पंगतीला करवंदही होती. पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांनी पुढाकार घेतला ते ह्यूमसाहेब १८६७ ते १८७० या काळात त्या खात्याचे कमिशनर होते आणि कुठल्या जमिनीत कुठलं झुडूप धरेल याच्या खटपटीत असत. १८७९ साली ती रेषा मोडीत निघाली. कर वाईट होता, कुंपण चांगलं होतं. साहेबाला साऱ्या मुलखाचं मीठ राखायला जी करवंद चालली, ती आमच्या कमिटीला चार स्कूटरी राखायला चालत नाही.

दुसरा आरोप : हिला फळ धरत नाही, नुसता पाला. धरणार कुठून? आमचा माळी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिची हजामत करतो. करवंदीला फुलं येतात ती फांद्यांच्या शेंड्यांकडे, पांढरी, सुवासिक, झुपक्यांनी; थंडी सरता सरता. आणि आम्ही नेमके शेंडेच छाटतो. खात्यातून दरमहा मुद्दल काढायचं आणि वर्षअखेर व्याज कुठे गेलं म्हणून काउंटरवर हात आपटायचा, असे खातेदार मी रोज पाहतो. त्यांच्याशीही मी याच आवाजात बोलतो.

छाटणी जरूर करा, पण वेळ बघून. मे संपता संपता फळ उतरलं की पहिल्या पावसाच्या आसपास एकदाच. वाळलेल्या, एकमेकींत घुसलेल्या फांद्या काढा, आत ऊन शिरू द्या, रस्त्यावर आलेल्या बाजू आवरा आणि मग कात्री कुलपात ठेवा. जाड हातमोजे घाला. चीक चिकट असतो आणि काटा कधीकधी दुहेरी असतो, म्हणजे व्याजासकट. नवी रोपं करायची तर पिकल्या फळातलं बी ताजं ताजंच पेरा. ते ठेवून टिकत नाही. रोपं पावसाळ्यात दोन-अडीच फुटांवर लावा, लहानपणी शेंडे खुडून ती बुडापासून दाट होऊ द्या आणि पहिले दोन उन्हाळे पाणी घाला. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास फळ दिसू लागतं. मोठं फळ हवं असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ नावाची जात काढली आहे. म्हणजे ज्या झुडपासाठी विद्यापीठ खपतं, त्यासाठी आम्ही कुऱ्हाड विकत आणणार!

तिसरा मुद्दा दुरांट्याच्या सौंदर्याचा. दिसतो खरा छान. पण हा पाहुणा मूळचा अमेरिका खंडातला आणि त्याची ती मोत्यांसारखी पिवळी फळं विषारी. ज्या आवारात शेंबडी पोरं खेळतात, तिथे खाण्याजोगं फळ उपटून न खाण्याजोगं लावायचं, याला सुशोभीकरण म्हणतात.

चौथा मुद्दा चिटणीसांचा : ‘‘हवीत कशाला? बाजारात मिळतात की!’’ मिळतात. ‘डोंगरची काळी मैना’ अशी आरोळी देत पानांच्या द्रोणात घेऊन बायका येतात, त्यांच्याकडून जरूर घ्या. चिटणीस करवंदाला हात लावत नाहीत म्हणे. त्यांना कुणीतरी सांगा, की बेकरीच्या केकवर जी लालभडक चेरी असते ती पुष्कळदा पाकात मुरवून रंगवलेलं करवंदच असतं. साहेबी कपडे घातले की काटे विसरतात लोक!

पण द्रोणातल्या करवंदाला एक गोष्ट येत नाही. जाळीत हात घालून, ओरखडा सोसून, काढलेलं करवंद अर्धं चावायचं आणि लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी, यावरून कडाकडा भांडायचं, हे विकत मिळत नाही. गोड गोष्टीला थोडं रक्त लागतं, हा धडा आमच्या पोरांना याहून स्वस्तात कोण देणार आहे?

म्हणून सभेपुढे माझी उपसूचना अशी : ‘‘ठरावातील ‘करवंद उपटून टाकावी’ या शब्दांऐवजी ‘कात्री अकरा महिने काढून घ्यावी’ हे शब्द घालावेत.’’ सूचक मी आहे. अनुमोदक हवा आहे. ओरखडे असलेला हात वर केला तरी चालेल.