बावन्न देश, नऊ कारणे

जनाजा उठतो, कब्रस्तानातून माणसे परततात आणि मशिदीच्या पायरीवर तेच वाक्य कानी पडते, "हार्टअटॅक आला. त्याची वेळच आली होती." वय विचारावे तर पंचेचाळीस, पन्नास. मागे शाळेत जाणारी मुले. मृत्यूची घटका ठरलेली आहे, यावर आपली श्रद्धा आहे. पण तकदीर मानणे म्हणजे तदबीर सोडणे नव्हे. या महिन्यात आम्ही अशा डॉक्टरांची ओळख करून देत आहोत, ज्यांचे सारे आयुष्य या तदबीरीच्या शोधात गेले.

डॉ. सलीम यूसुफ यांचा जन्म १९५२ साली केरळमधील कोट्टारक्करा येथे झाला. बंगलोरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन ते १९७६ मध्ये ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. दहा-वीस रुग्ण पाहून काढलेला निष्कर्ष फसवू शकतो; तीच गोष्ट हजारो रुग्णांत तपासली तर खरे-खोटे कळते, हा धडा त्यांनी तिथे घेतला. हार्टअटॅकच्या १६ हजारांवर रुग्णांमध्ये अटेनोलॉल हे औषध तपासणाऱ्या मोठ्या प्रयोगात त्यांचा वाटा होता. पुढे अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काम करून ते १९९२ मध्ये कॅनडातील हॅमिल्टन शहरी मॅकमास्टर विद्यापीठात आले.

तोवर हृदयरोगाविषयीचे बहुतेक ज्ञान युरोप-अमेरिकेतील लोकांना तपासून मिळालेले होते. ते भारतीय, अरब, आफ्रिकी, चिनी माणसाला लागू पडते का? या प्रश्नासाठी डॉ. यूसुफ यांनी 'इंटरहार्ट' हा अभ्यास उभा केला. ५२ देशांतील, पहिला हार्टअटॅक आलेले सुमारे १५ हजार रुग्ण आणि त्यांच्याच वयाची पण हृदयरोग नसलेली जवळपास तितकीच माणसे यांची तुलना झाली. निष्कर्ष २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला.

धोक्याचा सुमारे ९० टक्के भाग नऊ गोष्टींशी जोडलेला निघाला: धूम्रपान, रक्तातील चरबी, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळे-भाज्यांचा अभाव, हालचालीचा अभाव आणि दारूची सवय. पुरुष असो वा स्त्री, कोणत्याही खंडातला असो, यादी तीच. "आमच्या खानदानातच आहे" असे आपण म्हणतो. घराण्याचा इतिहास धरल्यावर त्या हिशेबात जेमतेम एका टक्क्याची भर पडली. म्हणजे जे टाळता येते, तेच फार मोठे आहे.

दारूबद्दल स्पष्ट सांगायला हवे. एकूण आकड्यांत बेताने दारू घेणाऱ्यांत धोका थोडा कमी दिसला होता आणि हा मुद्दा पुढे करणारे लोक भेटतात. पण दक्षिण आशियातील लोकांचे आकडे वेगळे काढले तेव्हा तो फायदा दिसला नाही. आपल्यासाठी हराम ते हरामच. इथे तर फायद्याचे निमित्तही उरत नाही.

आपल्याला खरी चिंता वाटावी असा आकडा दुसरा आहे. दक्षिण आशियात पहिला हार्टअटॅक सरासरी ५३ व्या वर्षाच्या आसपास येतो, इतरत्र ५९ च्या सुमारास. सहा वर्षे आधी! आपल्याकडील निरोगी माणसांतही रोज फळे-भाज्या खाणारे चौघांत एकच निघाले. तंबाखू ओढण्यानेच नव्हे, नुसती खाल्ल्यानेही धोका दुपटीहून वाढतो. ओढणे आणि खाणे दोन्ही असेल तर सुमारे चौपट. दारूला हात न लावणारी आपली कितीतरी माणसे खिशात तंबाखूची पुडी घेऊन फिरतात, याचा विचार आपण कधी करणार?

यानंतर डॉ. यूसुफ यांनी 'प्युअर' हा त्याहून मोठा अभ्यास सुरू केला, गावागावांतल्या आणि शहरांतल्या माणसांना वर्षानुवर्षे तपासणारा. त्यातून दोन गोष्टी आमच्या मनाला लागल्या. एक, आठवड्यातून दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, शरीर हलवणाऱ्यांत मृत्यू आणि हृदयरोग दोन्ही कमी दिसले. त्यासाठी जिम लागत नाही. घरकाम, कामावरची मेहनत, पायी जाणे सारे त्यात धरले होते. मशीद दहा मिनिटांवर असताना मोटारसायकलला किक मारणाऱ्यांनी हे वाचावे. दोन, ज्यांना बीपी होता त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना ते ठाऊकच नव्हते आणि औषध घेणाऱ्यांतही ते ताब्यात होते फक्त एक तृतीयांश लोकांचे.

आपल्या घरात हेच घडते. अब्बांना डॉक्टरांनी गोळी दिली, महिनाभर घेतली, "आता बरे वाटते" म्हणून बंद केली. अम्मीचा बीपी तर कुणी मोजलेलाच नसतो. सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेले खाणारी ती, दवाखान्यातही शेवटीच जाते. बीपी दुखत नाही, म्हणून तो नाही असे होत नाही.

वाचक भगिनी-बंधूंनो, या महिन्यात चाळिशी ओलांडलेल्या घरातील प्रत्येकाचा बीपी आणि शुगर तपासून घ्या, बायकांचा आधी. चालू गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. रमजानमध्ये रोजे धरायचे असतील तर गोळ्यांच्या वेळा महिनाभर आधीच विचारून ठेवा. दस्तरख्वानावर तळलेले एक ताट कमी आणि काकडी, पेरू, केळी अशी एखादी वाटी जास्त. तंबाखूची पुडी आज टाका, उद्या नको.

शरीर ही अमानत आहे. ती परत करण्याचा दिवस आपल्या हाती नाही. सांभाळण्याचे दिवस मात्र आहेत. अल्लाह आपल्या सर्वांना त्याची तौफिक देवो. आमीन.